१७२ नंतर काय: १८२ की चेरोकी सिक्स?

सेस्ना १७२ या छोट्या चार सीटच्या विमानावर हात बसला की एक दिवस चार मोठी माणसं, त्यांच्या बॅगा आणि भरलेल्या टाक्या यांचा हिशेब जुळेनासा होतो. मग मोठ्या विमानाचा विचार सुरू होतो. चाकं आत ओढणाऱ्या विमानांच्या भानगडीत इतक्यात पडायचं नसेल, तर बहुतेक वेळा फेरा सेस्ना १८२ आणि पायपर चेरोकी सिक्स या दोघांवर येऊन थांबतो. मी दोन्ही उडवली आणि मग एकाकडे वळलो. तुमचा निर्णय वेगळा ठरू शकतो; तुम्ही सोबत कोणाला आणि किती सामान नेणार, यावर बरंच अवलंबून आहे.

अमेरिकी नियमांप्रमाणे २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनाला वेगळी एन्डॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लेखी मान्यता, लागते. १८२ चं इंजिन २३० चं, सिक्सचं २६० किंवा ३०० चं, म्हणजे ती दोन्हींना लागते. कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलरची (पात्यांचा कोन आपोआप बदलून आरपीएम कायम ठेवणाऱ्या पंख्याची) धास्ती घेऊ नका. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) आणि आरपीएम यांची जोडी थोड्याच उड्डाणांत अंगवळणी पडते. टेकऑफला उजवा पाय जास्त दाबावा लागतो, तेही दोन्हीकडे सारखंच. सरळ पल्ल्यावर वेगातही फारसं अंतर नाही.

सामान हाच निकष असेल तर सिक्सला तोड नाही. सहा सीट, मागे डाव्या बाजूला ऐसपैस दार, आणि इंजिन व केबिन यांच्या मध्ये आणखी एक सामानाचा कप्पा. त्यामुळे वजन पुढे-मागे वाटून विमानाचा तोल साधणं फार सोपं जातं. उन्हाळ्याच्या दुपारच्या हवेत ती १८२ पेक्षा कमी हलते, असा माझा अनुभव. काऊल फ्लॅप (इंजिन थंड ठेवायची झडपं) नाहीत, म्हणजे चेकलिस्टमधली एक ओळ कमी. लँडिंगला मात्र थोडी पॉवर ठेवूनच यायचं. पंख मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ एकाच रुंदीचा आहे, थ्रॉटल पूर्ण बंद केला की विमान भराभर खाली बसतं.

१८२ चा लँडिंगचा स्वभाव वेगळा आहे. पुढे दोघं आणि मागे कोणी नाही, अशा वेळी नाक खरोखर जड लागतं. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक वर धरताना, योक (विमानाचं हँडल) पुरेसा ओढला नाही तर नोजव्हील आधी टेकतं. जुनी १८२ पाहायला गेलात तर फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) सुरकुत्या पडल्यात का, हे तपासायला सांगतात ते याचसाठी. मागे थोडं वजन बांधलं आणि अप्रोचवर (उतरण्याच्या वाटेवर) ट्रिम, म्हणजे योकवरचा भार हलका करणारी जुळवणी, नीट लावली तर त्रास बराच उतरतो. दुसरी गोष्ट कार्ब आइसची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये धरणाऱ्या बर्फाची. कार्ब्युरेटर असलेल्या १८२ च्या कॉन्टिनेंटल इंजिनात बर्फ लवकर धरतो, त्यामुळे थ्रॉटल कमी करण्याआधी कार्ब हीटकडे (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या नॉबकडे) हात गेलाच पाहिजे. या दोन्ही सवयी लागायला मला वेळ लागला, पण लागल्या.

सिक्सच्या बाबतीत माझं घोडं अडलं ते इंधनाच्या टाक्यांपाशी. चार टाक्या: दोन मुख्य, प्रत्येकी २५ गॅलनच्या, आणि पंखांच्या टोकाला दोन, प्रत्येकी १७ च्या. इंजिनाला एका वेळी एकच टाकी. टाकी निवडायचा सिलेक्टर पॅनेलच्या मध्याखाली, म्हणजे तो बघायला मान खाली घालावी लागते. साधारण अर्ध्या तासाने घड्याळ बघायचं, इलेक्ट्रिक पंप चालू करायचा, सिलेक्टर फिरवायचा, तो खटकन जागेवर बसला का ते बोटांनी चाचपायचं, प्रेशर स्थिर झालं की पंप बंद, आणि गुडघ्यावरच्या कागदावर त्या टाकीच्या रकान्यात वेळ लिहायची. टोकाच्या टाकीत असमतोल झाला की पंख जड होतो, आणि डावा-उजवा तोल धरून ठेवणारी एलेरॉन ट्रिम नसल्याने योक हातानेच धरून ठेवावा लागतो.

जमिनीवर बसून वाचताना हे किरकोळ वाटतं. पण ती वेळ नेमकी ढगात असताना येते, किंवा कंट्रोलर नवा मार्ग सांगत असताना, किंवा मागच्या सीटवर कोणाला मळमळायला लागल्यावर. ढगात मान खाली घालून पुन्हा वर करणं मला कधीच आवडलं नाही. त्या क्षणी कानातला तोल काहीतरी भलतंच सांगतो. एका टाकीत भरपूर इंधन असताना दुसरी कोरडी पडून इंजिन बंद झाल्याच्या घटना अपघात अहवालांत सापडतात, आणि त्यातले वैमानिक नवखेच असतात असं नाही. माझी सोबत बहुधा घरच्या माणसांची असते. त्यांच्यासोबत असताना माझं लक्ष बाहेर आणि त्यांच्याकडे हवं. १८२ मध्ये सिलेक्टर ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही पंखांतून इंधन येत राहतं.

अर्थात १८२ इंधनाच्या बाबतीत अगदीच निर्धास्त नाही. जुन्या विमानांत पंखात रबरी पिशव्या असतात. त्यांना घड्या पडल्या की पाणी अडकून राहतं. म्हणून पंख हलवून मगच ड्रेन करायचं (तळातून थोडं इंधन काढून पाणी आहे का बघायचं), आणि शिडीवर चढून टाकीत डिपस्टिक घालायची. पण ही सगळी कामं जमिनीवर, दोन्ही हात मोकळे असताना होतात. मला तो सौदा जास्त परवडतो.

नेहमी पाच-सहा माणसं असतील तर सिक्स घ्या, १८२ त्या कामाची नाही. अनेक जण वर्षानुवर्षं त्या टाक्या बिनचूक सांभाळतात, आणि इंधनाची आठवण करून देणारा टायमर आता कुठल्याही टॅबलेटवर लावता येतो. पण चार माणसांतच भागत असेल, तर मी १८२ कडेच बोट दाखवीन.

ठरवण्याआधी इन्स्ट्रक्टरसोबत दोन्ही उडवून बघा, मात्र सिक्स नुसती सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत) फिरवू नका. तिथे टाकी बदलायची वेळच येत नाही. दोन-अडीच तासांचा पल्ला घ्या, जमल्यास रेडिओवर गर्दी असेल अशा भागातून. आणि १८२ चं लँडिंग पुढे दोघंच बसून, मागचा कप्पा रिकामा ठेवून करा.