शेअर फोल्डरला पासवर्ड: ऑफिसच्याच पीसीवर की वेगळ्या नॅसवर?

ऑफिसात पाच-सात मशीन झाली की प्रश्न येतोच. आहे त्याच एका पीसीवर फोल्डर शेअर करून पासवर्ड लावावा, की त्यासाठी वेगळा नॅस (नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा स्वतंत्र डबा) घ्यावा? आमच्या करसल्लागाराच्या ऑफिसात मी तीन वर्षं पीसीवर काढली, गेली दोन वर्षं नॅस वापरतो आहे.

विंडोज ९८ वापरलेली मंडळी अजूनही 'या फोल्डरला एक पासवर्ड, त्या फोल्डरला दुसरा' असं मागतात. तेव्हा तशी सोय होती. आता पासवर्ड माणसाच्या अकाउंटला असतो आणि कोणत्या फोल्डरवर कोणाचा किती हक्क, हे आपण ठरवायचं. नॅसवरही तेच. फरक पडतो तो पासवर्ड तपासणारं मशीन कोणाच्या टेबलावर आहे याने.

पीसीच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे वेगळा खर्च नाही. विंडोज १० किंवा ११ एका वेळी २० जोडण्या घेतं, छोट्या ऑफिसला तेवढ्या पुरतात. दोन गोष्टींत मात्र लोक हमखास अडकतात. रोज पिन टाकून मशीन उघडणाऱ्याला अकाउंटचा खरा पासवर्ड आठवत नाही, आणि नेटवर्कवर पिन चालत नाही. दुसरं म्हणजे कोरा पासवर्ड ठेवलेल्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. ही दोन्ही दुखणी एका दुपारी मिटतात. शेअरिंगसाठी प्रत्येकाचं साधं लोकल, म्हणजे त्याच मशीनपुरतं, अकाउंट काढा, मायक्रोसॉफ्टच्या ईमेलच्या भानगडीत पडू नका.

माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणाने. आमचं शेअरिंगचं मशीन ऑपरेटर ताईंच्या टेबलावर होतं. डीएससी (डिजिटल सही) टोकनचे ड्रायव्हर, रिटर्न भरायच्या नवनव्या युटिलिटी असं सतत काहीतरी टाकावं लागायचं, म्हणून त्यांचं अकाउंट अ‍ॅडमिनचं, म्हणजे मशीनवर काहीही बदलायची मुभा असलेलं. पगाराच्या फोल्डरवर मी फक्त माझा हक्क ठेवला होता. एकदा एका क्लायंटचे कागद शोधताना त्यांनी डी ड्राइव्हमधलं तेच फोल्डर उघडलं. परवानगी नाही, असं विंडोजने सांगितलं खरं, पण त्याच खिडकीत 'कंटिन्यू'चं बटणही होतं. त्यांनी सवयीने ते दाबलं आणि फोल्डर त्यांच्यासाठी कायमचं उघडं झालं. त्यांची काही चूक नव्हती, स्वतःहून येऊन त्यांनीच मला सांगितलं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. नेटवर्कवरून येणाऱ्यांना मी तीन वर्षं दारात अडवत होतो, आणि घरात बसलेल्या अ‍ॅडमिनला ते दार नव्हतंच.

नॅसपुढे कोणी बसत नाही, हाच मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. ज्याला हक्क नाही त्याला फोल्डरचं नावही दिसू नये, अशी सोय त्यात मिळते. शिवाय पीसीवरच्या शेअरमधून नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. नॅसवर शेअरचा स्वतःचा रीसायकल बिन चालू ठेवता येतो, आमच्याकडे दोनदा त्यातून ऑडिटच्या फाइली परत मिळाल्या.

नॅस घेतला म्हणजे सगळं सुटलं, असंही नाही. चुकीच्या नावाने एकदा जोडलं गेलं, की त्याच मशीनवर दुसऱ्या नावाने जाताना विंडोज १२१९ नंबरची एरर देतं, ते दोन्हीकडे होतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधलं (विंडोज नाव-पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) जुनं नाव काढून साइन आउट करा. नॅसच्या मागचं रीसेटचं बटण काही सेकंद दाबून धरलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मूळपदावर येतो, म्हणून आमचा नॅस जाळीच्या कुलूपबंद कपाटात आहे. घरून काम व्हावं म्हणून तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) तसे उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅसच गाठले होते.

घरी दोन लॅपटॉप आणि फोटोंचं एक फोल्डर एवढंच असेल, तर मीसुद्धा नॅस घ्या म्हणणार नाही. ऑफिसात पगाराच्या, क्लायंटच्या पॅन-आधारच्या फाइली असतील तर माझा कौल नॅसला. तूर्त पीसीवरच भागवायचं असेल, तर निदान ते मशीन स्वतःच्या टेबलावर घ्या आणि त्यावर दुसऱ्या कोणाचंही अ‍ॅडमिन अकाउंट ठेवू नका.