शाळेत नाव घालण्याआधी: यूडायस प्लसचं 'नो युवर स्कूल' किती उपयोगी?

२०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने विनाअनुदान शाळा काढायची वाट मोकळी झाली. रत्नागिरीसारख्या शहरात नवी इंग्रजी शाळा बघायला जाणाऱ्या पालकांच्या हातात बहुधा फक्त रंगीत माहितीपत्रक असतं. त्याला उलटतपासणी म्हणून यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली 'नो युवर स्कूल' ही ऑनलाइन शोधसेवा फुकट आहे आणि लॉगिनही लागत नाही.

शाळेचा शोध नावाने घेऊ नका. 'विद्यामंदिर' एक शब्द की दोन, एवढ्या इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने शाळा सापडत नाही. पिनकोड टाका (रत्नागिरी शहराचा ४१५६१२) किंवा शाळेकडून ११ अंकी यूडायस क्रमांक मागा. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्र २७, रत्नागिरी ३२, म्हणून इथल्या शाळेचा क्रमांक २७३२ ने सुरू व्हायला हवा. २७३३ असेल तर ती नोंद सिंधुदुर्गातल्या शाळेची. एकाच संस्थेच्या अनेक शाखा असतात तेव्हा दुसऱ्याच शाखेचा क्रमांक पुढे केला जाऊ शकतो, म्हणून हे आधी तपासा.

रिपोर्ट कार्ड उघडलं की व्यवस्थापनाचा प्रकार, वर्ग कुठून कुठपर्यंत आणि स्थापनेचं वर्ष बघा. मग पटसंख्या आणि शिक्षक. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४. मात्र कार्डावरच्या शिक्षकांच्या एकूण आकड्यात वरच्या वर्गांचे शिक्षकही येतात, त्यामुळे नुसता भागाकार करून समाधान मानू नका.

सगळ्यात मोठी खोट तारखेत आहे. माहिती शाळाच भरते आणि तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या वेळी कोकणातल्या विहिरी तुडुंब असतात, साहजिकच पिण्याचं पाणी 'आहे' असं भरलं जातं, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही असतं. प्रश्न एप्रिलचा आहे. विहीर आटली की टँकर कोण आणतं, स्वच्छतागृहाच्या टाकीत पाणी असतं का, हे शाळेत जाऊनच विचारा. जमलं तर एप्रिलमध्येच जा. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरत असेल तर आणखी एक फेरी जुलैत मारा. पावसाच्या आवाजात मागच्या बाकावर बाईंचं ऐकू येतं का, याचा रकाना कुठल्याच कार्डात नाही. शिवाय जूनमध्ये सुरू झालेल्या शाळेची माहिती मागाहून चढते, म्हणजे जिथे तपासणीची जास्त गरज तिथेच कार्ड कोरं.

फी आणि मान्यतेची मुदत यांचीही उत्तरं इथे मिळत नाहीत. आरटीईचं मान्यता प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २, शाळेत मागा. ते तीन वर्षांचं असतं, शेवटची तारीख वाचा. मान्यतेविना शाळा चालवल्यास १ लाखापर्यंत आणि पुढे दररोज १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फीवाढीचा कागद मागताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी बघा. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

पाचपैकी तीन गुण. चौथा गुण मान्यतेची मुदत कार्डावर छापली त्या दिवशी.