कॉलेज कबड्डी संघासाठी ३० मिमी मॅट: हरलेल्या मोसमानंतर घ्यावी का?

मोसमात एकामागून एक सामने गेले, की कॉलेजात पहिला ठपका चढाईपटूवर येतो आणि दुसरा सरांवर. सोलापूर जिल्ह्यातले अनेक संघ वर्षभर मातीत सराव करतात आणि स्पर्धेला थेट मॅटवर उतरतात, हे मात्र कुणी हिशोबात धरत नाही. म्हणून इथे बाजारात सर्रास मिळणाऱ्या मॅटचं परीक्षण हरणाऱ्या संघाच्या नजरेतून केलं आहे. माल असा: १ मीटर बाय १ मीटरचे, कडेच्या दातांनी एकमेकांत अडकणारे, ३० मिमी जाडीचे ईव्हीए फोमचे (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या फोमचे) दुरंगी तुकडे.

पैसे गोळा करण्याआधी हरलेल्या सामन्यांची गुणपत्रकं आणि मोबाइलवरचं चित्रीकरण घेऊन बसा. पकड लागली पण सुटली, असे प्रसंग वेगळे काढा. मातीत घोटा धरला की चढाईपटूचा उभा पाय सरकतो आणि हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीला पोचायला क्षणभर मिळतो. मॅटवर त्याचा बूट घट्ट बसतो आणि तो एका झटक्यात मध्यरेषेकडे झेपावतो. निदानरेषेपासून, म्हणजे चढाईपटूला ओलांडावी लागणाऱ्या रेषेपासून, पुरुषांच्या मैदानात मध्यरेषा फक्त ३.७५ मीटर. त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर तर आडवं पडलेलं अंग आणि लांबवलेला हातच कापतो. मातीत तयार झालेला कोपरारक्षक इथे उशिरा सूर मारतो, कारण गुडघे सोलवटण्याची धास्ती त्याच्या अंगात मुरलेली असते.

मग झटापट न होताच बाद झालेले खेळाडू मोजा. फक्कीच्या रेषा दहा मिनिटांत पुसट होतात आणि मातीत पाय कुठे पडला यावर वाद घालता येतो. मॅटवरची रेषा शेवटपर्यंत ठळक राहते. स्पर्श होण्याआधी राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्ट्यात, टाच पडली, की पंचांची शिट्टी वाजलीच. शेवटी उत्तरार्धातली दहा मिनिटं पाहा. आघाडी तिथेच जात असेल, तर पोटऱ्या संपलेल्या असतात. थांबून उलट फिरण्याचा ताण मॅटवर जास्त येतो. हे तिन्ही दोष दिसत असतील तर मॅटचा खर्च सार्थकी लागेल. चढायाच रिकाम्या जात असतील आणि तिसऱ्या, गुण घ्यावाच लागतो अशा चढाईला दर वेळी पकड होत असेल, तर आधी चढाईपटू घडवा.

आता माल. विक्रेता घनता सांगतो ती ऐकून सोडा, तुकडा वजनकाट्यावर ठेवा. ३० मिमीच्या तुकड्याचं आकारमान ०.०३ घनमीटर, म्हणजे तो ३ किलो भरला तर घनता घनमीटरला १०० किलो. आमच्या मते कॉलेज संघाला याच्या आसपासचा माल हवा. २ किलोच्या घरातला तुकडा हाताला मऊ आणि छान लागतो, पण त्यात पाय रुततो आणि वळताना घोटा मुरगळतो. अंगठा जोरात दाबून काढला की खळगा लगेच भरून यायला हवा. दोन तुकडे जोडा, उघडा, असं आठ-दहा वेळा करून दात सैल होतात का तेही बघा. वरची नक्षी बारीक आणि खरखरीत हवी, कारण गुळगुळीत पृष्ठभाग घामाने निसरडा होतो.

या कसोट्यांना उतरलेली ३० मिमी मॅट सरावासाठी उत्तम, हे आमचं स्पष्ट मत. २५ मिमीवर चार जणांची साखळी चढाईपटूसकट कोसळली की खालचं काँक्रीट कोपराला लागतं. ४० मिमी जास्त आरामदायी खरी, पण तो वाढीव पैसा बुटांवर घालवा.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० तुकडे. चारी बाजूंना एक-एक मीटर मोकळी जागा धरली तर १५ बाय १२, म्हणजे १८०. इतके पैसे एकदम उभे राहत नाहीत आणि त्यासाठी अडूनही बसू नये. पकडीचा सराव अर्ध्या मैदानावर होतो. बचावाचे ६.५ मीटर आणि चढाईपटूच्या पावलांसाठी पलीकडचे दीड मीटर मिळून ८ बाय १०, म्हणजे ८० तुकडे. मुलींच्या १२ बाय ८ च्या मैदानाचा अर्धा भाग यात आरामात बसतो. त्यांची निदानरेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर येते, ती वेगळ्या रंगाच्या पट्टीने आखा. बोनस रेषा मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही मैदानांत निदानरेषेच्या मागे १ मीटरवर.

या मॅटचा मोठा दोष सोलापुरातच उघडा पडतो, तो उन्हाळ्यात. ईव्हीए उष्णतेने आक्रसतं. चाळिशी पार केलेल्या उन्हात उघड्यावर किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेले तुकडे कडेने वर वळतात. सांध्यात फटी पडतात आणि फटीत बुटाचं टोक अडकलं की गुडघा पिरगळतो. त्यामुळे स्लॅबखालची खोली नसेल तर मॅट घेऊच नका. सुट्टीत तुकडे आडवे, एकावर एक रचा. भिंतीला टेकवून उभे ठेवले की वाकतात. वर प्लास्टिकऐवजी जुन्या सुती चादरी टाका, त्या या गावात कमी पडणार नाहीत. प्रत्येक तुकड्याच्या मागे रांग आणि क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा अंथरताना झिजलेले दात आपापल्या जोडीदारालाच भेटतात.

खाली सपाट काँक्रीट हवं. शहाबादी फरशीवर चालते, पण उंचसखल सांधे आधी सिमेंटने भरून घ्या. काळ्या मातीवर थेट अंथरली तर पहिल्याच पावसात भराव फुगतो आणि मॅट लाटेसारखी उठते. झाडून झाल्यावर पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसायचं. बादलीभर पाण्यात सगळं होतं, रोज नळ न येणाऱ्या वस्तीतही ते जमतं. रॉकेल किंवा तीव्र फिनेल नको.

बुटांशिवाय मॅट घेणं म्हणजे अर्धीच खरेदी. सपाट, चिकट रबरी तळ्याचे बूट घ्या. धावण्याचे जाड टाचेचे बूट इथे घातकच, कारण त्यात पाय उंच राहतो आणि घोटा बाहेर कलंडतो. बूट मैदानाच्या दारातच घालायचे आणि उतरवायचे, बाहेरची धूळ तळ्याला लागली की पकड गेली. गुडघ्याला आणि कोपराला पट्टे द्या, मॅटवर घसरलं की कातडी भाजल्यासारखी निघते.

नव्या मॅटच्या पहिल्या पंधरवड्यात दुखापतींचा धोका मोठा, कारण मुलं पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने सामना खेळतात. पहिला आठवडा पकड बंद ठेवा. फक्त पदलालित्य, तेही रोज २०-२५ मिनिटं: मध्यरेषा ते बोनस रेषा जाणं, थांबणं, उलट फिरणं, राखीव क्षेत्राच्या कडेने सरकणं. मातीतली घसरत थांबायची सवय इथे मोडावी लागते. दुसऱ्या आठवड्यात एकेरी घोटा पकड आणि सूर, चढाईपटू निम्म्या वेगाने. तिसऱ्यात साखळी, आणि त्यानंतरच २०-२० मिनिटांचे दोन डाव. आठवड्यातले दोन दिवस मातीत जाऊ द्या. पायाची ताकद तिथेच वाढते आणि मॅटची झीजही वाचते.

मागणी नोंदवताना दहा तुकडे जादा घ्या. मधल्या पट्ट्यातले, निदानरेषेजवळचे तुकडे आधी जातात, आणि वर्षभराने त्याच साच्याचे दात पुन्हा मिळतीलच असं नाही.