आरएक्स 135 वर क्विकशिफ्टर आणि डायनो ट्यूनिंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी पाच गिअरची यामाहा आरएक्स 135. बोअर 58 मिमी, स्ट्रोक 50 मिमी, म्हणजे 132 सीसी. ब्लॉक पोर्ट केलेला (वायूच्या वाटा घासून बदललेल्या), रेसचा एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप), ऑइल पंप काढून प्रीमिक्स (तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं), आणि वापर फक्त 402 मीटरच्या ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी. तिच्यावर लोड-सेलचा (पायाचा जोर ओळखणाऱ्या सेन्सरचा) क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता आणि थ्रॉटल न सोडता वरचा गिअर टाकू देणारं युनिट, आणि प्रोग्रॅमेबल सीडीआय (स्पार्कची वेळ ठरवणारा डबा) असा सेट आठ महिने चालवला. सेट चांगला आहे, पण गिअरबॉक्स आधी सरळ केला नसेल तर तो पैसे खाऊन डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे जाड दाते) तोडतो.

क्विकशिफ्टर स्वतः गिअर टाकत नाही. इंजिन ओढत असताना गिअरचे डॉग एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि फोर्कला (गिअर सरकवणाऱ्या काट्याला) ते सरकवता येत नाहीत. स्पार्क क्षणभर बंद झाला की तो दाब सुटतो, आणि तेवढ्या फटीत गिअर सरकतो. ही फट फार छोटी आहे. कट (स्पार्क बंद राहण्याचा वेळ) कमी पडला तर पुढचा डॉग पुरता बसायच्या आत इंजिन पुन्हा ओढायला लागतं, कोपरे झडतात, फॉल्स न्यूट्रल लागतं (गाडी दोन गिअरच्या मध्येच मोकळी पडते). कट जास्त झाला तर मागचं चाक इंजिनाला फिरवायला लागतं, डॉग उलट्या बाजूने दाबले जातात आणि गिअर पुन्हा अडतो. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये स्पार्क बंद असला तरी कार्ब्युरेटर पेट्रोल देतच राहतो. ते न जळता पाइपात जातं, पाइप थंड होतो, प्लग ओला होतो आणि गाडी पुढच्या गिअरमध्ये दमते.

म्हणून किट लावायच्या आधी इंजिन उघडा. डॉगचे कोपरे नखाने तपासा. गोल झाले असतील तर कुठलाही कट टाइम कामाचा नाही. फोर्कच्या टोकांवर निळी झाक दिसली तर तो वाकून गिअरला घासतोय, सरळ करत बसू नका, बदला. डिटेंट लिव्हरची (ड्रमला जागेवर रोखणाऱ्या लिव्हरची) स्प्रिंग मऊ झाली असेल तर ड्रम, म्हणजे फोर्क हलवणारा खाचांचा दंड, गिअरवर थांबत नाही. पण फार कडक स्प्रिंगही नको, तिने पाय जड होतो आणि सेन्सर वेळेआधी पेटतो. क्लच ड्रॅग (दाबूनही क्लच पुरता न सुटणं) हे सगळ्यात दुर्लक्षित कारण. स्टील प्लेटा काचेवर ठेवून खालून 0.05 मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. ते सहज सरकलं तर प्लेट वाकलेली आहे.

सेन्सर बसवण्यात आरएक्सची एक अडचण आहे. मूळ गिअर लिव्हर थेट शाफ्टच्या स्प्लाइनवर बसतो, मध्ये रॉडच नाही. त्यामुळे रिअर-सेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि लिव्हर) आणि लिंकेज (लिव्हर ते शाफ्ट जोडणारा रॉड) लागतंच. लिव्हर अर्ध्या प्रवासात असताना रॉड आणि शाफ्टवरचा आर्म यांच्यात 90 अंशांचा कोन हवा. तो चुकला की पायाचा जोर रॉड वाकवण्यात जातो, आणि लोड-सेलला फक्त सरळ ओढ किंवा दाब कळतो. आर्म उलटा बसवून रेस पॅटर्न (गिअर टाकायची उलटी दिशा) केला असेल, तर वरचा गिअर टाकताना रॉड दाबला जातो की ओढला जातो हे हाताने तपासून मगच पुश किंवा पुल निवडा.

वायरिंग सोपं आहे. यामाहाची किल वायर (इंजिन बंद करणारी) काळी-पांढरी. एसी सीडीआयमध्ये ती अर्थला टेकली की स्पार्क बंद. प्लग आणि कॅप दोन्ही रेझिस्टरचे लावा (कॅप 5 किलो-ओहमची). साध्या प्लगच्या गोंगाटाने आमच्या युनिटने सरळ रस्त्यावर आपोआप कट दिला होता.

आता सेटिंग. इंजिन बंद ठेवून लिव्हर अगदी सावकाश ओढा. लिंकेजचा ढिलेपणा संपताच, ड्रमचा टक्क आवाज यायच्या आधी, युनिटचा दिवा पेटला पाहिजे. आवाजानंतर पेटला तर सेन्सरची मर्यादा खाली आणा. नुसता पाय टेकवल्यावर पेटला तर वर न्या. 5,000 आरपीएमच्या खाली कट बंद ठेवा, आणि एका कटनंतर 350 मिलिसेकंद दुसरा कट होऊ देऊ नका, नाहीतर पाय परत येताना दुहेरी कट होतो.

कट टाइम गिअरगणिक वेगळा लागतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ड्रमला न्यूट्रल ओलांडायचं असतं आणि दोन गिअरमधलं अंतरही सगळ्यात मोठं, म्हणून तिथे 80 मिलिसेकंद. दुसरा ते तिसरा 65, तिसरा ते चौथा 58, चौथा ते पाचवा 52. हे या गाडीचे आकडे आहेत. सुरुवात प्रत्येक गिअरला 10 ने जास्त ठेवून करा आणि 5-5 ने खाली या. खरं उत्तर आरपीएमच्या नोंदीत दिसतं. कट संपल्यावर रेषा आधी वर उसळली आणि मग खाली आली, तर डॉग बसायच्या आत इंजिन मोकळं फिरलं, कट वाढवा. रेषा अपेक्षित आरपीएमच्याही खाली जाऊन रेंगाळली तर कट कमी करा. लॉगर (आरपीएम नोंदवणारं यंत्र) सेकंदाला किमान 100 नोंदी घेणारा हवा. सेकंदाला 10 नोंदी घेणाऱ्या स्वस्त लॉगरच्या दोन ठिपक्यांमध्ये सगळा शिफ्ट हरवून जातो.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी माझ्या मते या सेटचा खरा फायदा वेगळाच आहे. क्विकशिफ्टरशिवाय शिफ्ट करताना 10,000 आरपीएमवर थ्रॉटल बंद होतो, आणि प्रीमिक्सवर चालणाऱ्या इंजिनात त्याच क्षणी तेलही बंद होतं. थ्रॉटल उघडा ठेवून शिफ्ट झाला की पिस्टनला तेल मिळत राहतं.

डायनोकडे, म्हणजे गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजणाऱ्या यंत्राकडे वळू. रोलरवरचा सगळा खेळ पाइपच्या तापमानाचा आहे. पाइप गरम झाला की आतल्या वायूत ध्वनीचा वेग वाढतो, परतीची लाट लवकर पोचते आणि पॉवर वरच्या आरपीएमकडे सरकते. पहिला पुल (रोलरवरची पूर्ण थ्रॉटलची एक धाव) गार पाइपवर आणि तिसरा तापलेल्या पाइपवर घेतला, तर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) न बदलताही दोन वेगळे आलेख येतात आणि माणूस खुशाल चुकीचा जेट घालून घरी जातो. पाइपच्या पोटावर थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) लावा आणि प्रत्येक पुल एकाच आकड्यावरून सुरू करा. ऑपरेटरला दोन गोष्टी आधीच सांगा. आरपीएम पिकअप प्रत्येक फेऱ्याला एक स्पार्क असा लावा, नाहीतर पॉवर बरोबर येते पण टॉर्क आणि आरपीएम दोन्ही खोटे येतात. आणि स्मूदिंग कमीत कमी ठेवा. 5 वर ठेवलेल्या गुळगुळीत रेषेत पॉवरबँडच्या (इंजिन खरा जोर देतं त्या आरपीएमच्या पट्ट्याच्या) तोंडचा खड्डा दिसतच नाही.

लॅम्डा सेन्सरवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर) टू-स्ट्रोकचं जेटिंग करू नका. ताजा चार्ज थेट एक्झॉस्टमध्ये निसटतो, त्यातल्या ऑक्सिजनमुळे सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं, वर तेलाने सेन्सरही खराब होतो. ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) आणि प्लग चॉप (पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लगचा रंग बघणं) पुरे. प्रोब पिस्टनपासून 100 ते 150 मिमीवर. 600 ते 650 अंश सेल्सिअस हा ढोबळ पट्टा, पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा गाठायला जाऊ नका. टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे घेतलं की ईजीटी वाढतो, तेव्हा एका वेळी एकच बदल. इग्निशनचा नकाशा 6,000 ला 24 अंश आणि तिथून उतरत 10,500 ला 15 अंश असा ठेवला. टायमिंग मागे आल्याने पाइप तापतो आणि वरचं टोक लांबतं. स्क्रीनवरचा अंश खरा आहे का, ते स्ट्रोब लाइटने बघितल्याशिवाय पुल घेऊ नका. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके दिसले की डिटोनेशन (मिश्रणाचा बेताल स्फोट) सुरू झालंय, तिथेच थांबा.

डायनोच्या कागदाचा खरा उपयोग शिफ्टचा आरपीएम ठरवायला. समजा तिसऱ्याचं गुणोत्तर 1.30 आणि चौथ्याचं 1.04 आहे. भागाकार 0.8. 10,500 ला शिफ्ट केला तर चौथ्यात 8,400 मिळतात, 10,000 ला केला तर 8,000. पॉवरबँड 8,300 ला उघडत असेल तर 10,000 च्या शिफ्टला गाडी खड्ड्यात पडणार, मग 10,200 च्या पुढे पॉवर उतरत असली तरी 10,500 पर्यंत ताणणंच फायद्याचं. स्प्रॉकेट बदलून ही घसरण बदलत नाही. पुष्कळ जण इथेच पैसे घालवतात.

डायनोवरचा जेट तसाच घेऊन लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर उतरू नका. समुद्रसपाटीपासून 600 मीटर वर हवेचा दाब साधारण 7 टक्क्यांनी उतरतो. सकाळच्या 20 अंशांवरून दुपारच्या 35 अंशांवर गेलं की घनता आणखी 5 टक्के कमी. मुंबईत जेट बसवलेली गाडी वर रिच होते (पेट्रोल जास्त पडतं). उलट, घाटावर जेट बसवलेली गाडी खाली आणून तशीच पळवली तर पिस्टन धरतो (जाम होतो), म्हणून उतरताना मेन जेट आधी मोठा करा आणि मग प्लग वाचत खाली या.

आठ महिन्यांत बिघडलं काय? सेन्सरच्या तोंडाशी वायर दोनदा आतून तुटली. वरून आवरण शाबूत, आत तार सुटी, त्यामुळे शिफ्ट कधी लागतो, कधी नाही. टू-स्ट्रोकच्या बारीक थरथरीने हे होणारच. वायरला तिथे एक सैल वळसा द्या आणि 30 मिमीवर फ्रेमला बांधा. एम6 रोज-जॉइंटमध्ये (रॉडच्या टोकाच्या गोल सांध्यात) खेळ आला की कट उशिरा येतो. लॉक-नटवर रंगाची रेघ ओढून ठेवा, सैल झाला की लगेच दिसतो. गिअर उतरवताना हा सेट काहीच करत नाही, तिथे क्लच दाबावाच लागतो.

डॉग आठ महिन्यांनी उघडून बघितले. दुसऱ्या गिअरचे कोपरे किंचित चमकतात, बाकीचे जसेच्या तसे. ती चमक पहिल्या महिन्यातली आहे, पहिला-दुसरा कट 65 वर ठेवला होता तेव्हाची.