मोयामोया झालेलं मूल: ईईजी करावा की रक्तप्रवाहाची तपासणी?

गरम नूडल्सवर फुंकर घालता घालता मुलाच्या हातातला चमचा गळून पडतो, तोंड जरासं वाकडं होतं, शब्द अडखळतात. थोड्या वेळात सगळं पूर्ववत. जपानमधल्या डॉक्टरांना ही तक्रार चांगलीच ओळखीची आहे. फुगा फुगवताना, बासरी वाजवताना, हमसून हमसून रडतानाही हेच होतं. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मोयामोया या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात कवटीच्या तळाशी मोठ्या धमन्या आधीच अरुंद होत आलेल्या असतात आणि बारीक वाहिन्यांचं जाळं कशीबशी गरज भागवत असतं. अँजिओग्राफीत ते जाळं सिगारेटच्या धुरासारखं दिसतं, म्हणून १९६९ मध्ये सुझुकी आणि ताकाकू यांच्या लेखातून हे जपानी नाव रूढ झालं.

निदान झालं की आईवडिलांसमोर दोन कागद येतात: ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाचा, आणि रक्तप्रवाहाच्या तपासणीचा. खर्च दोन्हींना आहे, त्यामुळे कोणती तपासणी कशासाठी, हे आधी कळायला हवं.

ईईजी स्वस्त आहे, तालुक्या-जिल्ह्याच्या गावीही होतो. ना सुई, ना किरणोत्सर्ग. डोकं धुऊन, तेल न लावता जायचं. एरवी या तपासणीत मुलाला सुमारे तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. लहानग्यांच्या हातात भिंगरी देतात. तेव्हा निरोगी मुलांच्या आलेखातही संथ, उंच लाटा येतात आणि श्वास नेहमीसारखा झाला की विरतात. मोयामोयाच्या बऱ्याच मुलांत त्या विरतात आणि साधारण २० ते ६० सेकंदांनी पुन्हा उसळतात. याला ‘री-बिल्डअप’ म्हणतात. जोराच्या श्वासानंतर श्वसन मंदावतं, ऑक्सिजन उतरतो, आणि ज्या भागाकडे रक्ताची शिल्लक नाही तो भाग असा उशिरा कुरकुरतो. निदान माहीत नसताना ही खूण फार मोलाची. पण निदान झाल्यावर ती पाहण्यासाठी मुलाला मुद्दाम धापा टाकायला लावू नये, त्यातून पक्षाघात होऊ शकतो. ईईजीच्या चिठ्ठीवर ‘मोयामोया, जोराचा श्वास नको’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्याच.

रक्तप्रवाहाच्या तपासणीला विचारायचा प्रश्न वेगळा: गरज वाढली तर मेंदूच्या कोणत्या भागाला जास्त रक्त मिळणार नाही? स्पेक्ट या स्कॅनमध्ये शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात. रक्त जाईल तसं ते मेंदूत अडकून राहतं. एकदा साधं चित्र, एकदा रक्तवाहिन्या रुंदावणारं अ‍ॅसिटाझोलामाइड देऊन. दुसऱ्या चित्रात जो भाग उजळत नाही, तिथल्या वाहिन्या आधीच ताणून रुंद झालेल्या आहेत. एएसएल या रक्तप्रवाह दाखवणाऱ्या एमआरआयला सुई लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे वारंवार करता येतो. मात्र आडवाटेनं रक्त उशिरा पोचत असेल तर प्रवाह खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. पेट स्कॅन अधिक अचूक, पण मेंदू ऑक्सिजन किती वापरतो हे दाखवणारं पेट स्कॅन फार थोड्या ठिकाणी होतं.

माझं मत स्पष्ट आहे. बायपास, म्हणजे मेंदूला नवा रक्तपुरवठा देणारं ऑपरेशन, करायचा का, कोणत्या बाजूचा आधी, हे ठरवायचं असेल तर पैसे रक्तप्रवाहाच्या तपासणीवर खर्च करा. ईईजी ते सांगू शकत नाही. आकडी येत असेल, किंवा हात लुळा पडणं ही आकडी आहे की रक्त कमी पडणं हे उमगत नसेल, तर ईईजी हवाच. ऑपरेशननंतर री-बिल्डअप अनेकदा नाहीसा होतो, पण नवा रक्तपुरवठा किती रुजला हे प्रवाहाच्या चित्रातच पाहावं. विदर्भात सिकलसेलच्या मुलांनाही अशाच धमन्यांचा त्रास होऊ शकतो. त्यांच्या तपासण्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

तपासणी कोणतीही असो, त्या दिवशी मूल तहानलेलं राहू देऊ नका. भूल द्यायची म्हणून उपाशी ठेवणार असतील तर सलाईन कधी लावणार ते आधीच विचारा. सुई टोचताना आईनं किंवा बाबांनी जवळ बसावं, कारण मूल रडलं तर श्वास भराभर चालेल आणि हात तिथेच लुळा पडू शकेल.