स्टुडिओची वेबसाइट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या स्टुडिओसाठी तयार साचे देणाऱ्या एका कंपनीकडून वेबसाइट घेतली, त्याला आता अकरा महिने झाले. साचे, साठवणुकीची मर्यादा आणि किमतीचे टप्पे यांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती इथे पुन्हा देत नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः रंगाविषयी, कारण लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या वेबसाइटवर रंगच चुकले, तर बाकीची सजावट कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला आणि निपाणीकडच्या एका लग्नातला नवरीचा फोटो मी पहिल्या पानावर लावला. हिरवा शालू, हातभर हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. दुसऱ्याच दिवशी नवरीच्या आईचा फोन आला. ‘हा शालू आमचा न्हवं ओ दादा,’ काकी म्हणाल्या, ‘आमचा गर्द हिरवा हाय, ह्यो धुऊन विटल्यागत दिसतोय.’ मी मोबाइलवर पाहिले आणि त्यांचे म्हणणे खरे होते. अल्बममध्ये तोच शालू अगदी बरोबर छापला गेला होता.

कंपनीच्या मदत विभागाला मी पाच आठवड्यांत तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा माझ्या मोबाइलचा पडदा सदोष असावा, असे एकाच मजकुराचे उत्तर आले. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता, तर ही वेबसाइट कोणीही घेऊ नये एवढेच लिहिले असते.

नंतर साइटवरचा तोच फोटो उतरवून घेऊन मी फाइलचे तपशील पाहिले, तेव्हा कारण सापडले. छपाईच्या सवयीने मी सगळे फोटो अडोब आरजीबी या १९९८ सालच्या रंगमापात, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ते ठरवणाऱ्या पद्धतीत, काढत होतो. त्याचा विस्तार हिरव्या आणि निळसर हिरव्या छटांकडे जास्त आहे. फाइलसोबत रंगमापाची नोंद असेल, तर ब्राउझर ते रंग नीट वाचतो. या कंपनीची यंत्रणा फोटो लहान करताना ती नोंदच पुसून टाकते, आणि नोंद नसली की ब्राउझर फोटो एसआरजीबीचा, म्हणजे वेबवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या कमी विस्ताराच्या रंगमापाचा, आहे असे धरून चालतो. त्यामुळे सगळ्यात जास्त फिका पडतो तो हिरवा, आणि आपल्याकडच्या लग्नात हिरव्याला काय मान असतो हे निराळे सांगायला नको. मी सगळ्या फाइल एसआरजीबीमध्ये बदलून पुन्हा चढवल्या आणि शालू आपल्या रंगावर आला. म्हणजे अर्धी चूक माझी होती, हे मी मान्य करतो. मात्र ही एक ओळ कंपनीने फोटो चढवण्याच्या पानावर लिहिली असती, तर माझा निम्मा हंगाम वाचला असता.

त्याच वेळी फोटोंचा आकारही कमी केला. सहा हजार बाय चार हजार पिक्सेलची मूळ फाइल दहा-बारा एमबीची असते. लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवल्यावर ती काहीशे केबीवर येते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असे गूगल सांगते. शहरात ते सहज जमते, पण जांबोटी-कणकुंबीकडे जिथे रेंजच जेमतेम असते, तिथल्या पाहुण्यांनाही आता फोटो दिसतात.

समाधान एका अनपेक्षित गोष्टीने दिले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, पण आपली माणसे शोधताना बेळगावच लिहितात आणि बाहेरची माणसे बेळगावी. मी पानांच्या शीर्षकांत दोन्ही नावे घातली, कन्नड मजकूर जाणकाराकडून तपासून घेतला, आणि चंदगड-गडहिंग्लजच्या लग्नांसाठी वेगळे पान केले. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत येतात, हे गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये विनामूल्य पाहता येते. चंदगडकडची चार लग्ने मला या पानामुळेच मिळाली. चौकशीचा अर्ज मात्र फारसा कोणी भरत नाही. लोक व्हॉट्सअ‍ॅपचे बटण दाबून मुहूर्ताची तारीख विचारतात, त्यामुळे ते बटण प्रत्येक पानावर असू द्यावे.

पैशांचे सांगायचे तर पहिल्या वर्षी २,४०० रुपये घेतले आणि नूतनीकरणाला ६,९०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,१४२ रुपये मागितले आहेत. हा फरक सुरुवातीला बारीक अक्षरांत होता. त्याहून वाईट म्हणजे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कंपनीच्याच खात्यावर नोंदलेले निघाले. ते स्वतःच्या नावावर करून घेण्यास मला सतरा दिवस लागले, म्हणून नव्याने वेबसाइट करणाऱ्यांनी डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घ्यावे.

तीन वर्षांचे एकदम भरल्यास सूट मिळते, पण मी या महिनाअखेरीस एकाच वर्षाचे पैसे भरणार आहे. रंगाची नोंद पुसणे बंद करावे, असे चौथे पत्र कंपनीला पाठवले असून त्याच्या उत्तरावर पुढच्या वर्षीचे ठरेल.