खान्देशातील समुद्री टाकी: चिलर की पंखा?

समुद्री माशांची पहिली टाकी मांडण्याचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना मीठ, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे उपकरण) किंवा टाकी मुरण्यासाठी, म्हणजे मासे सोडण्याआधी तिच्यात उपयुक्त जिवाणू वाढण्यासाठी लागणारे चार-सहा आठवडे यांविषयी नव्याने सांगायला नको. आपल्या जळगाव-भुसावळकडे खरा प्रश्न होळीनंतर उभा राहतो: बाहेर पारा ४४ अंशांवर गेलेला असताना टाकीतले पाणी २६-२७ अंशांच्या आसपास कसे राखायचे? माझ्या तीन फुटी टाकीवर मी एक उन्हाळा चिलर, म्हणजे फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेले पाणी थंड करणारे यंत्र, चालवला आणि पुढचे दोन उन्हाळे केवळ पंखे.

चिलरचे गुण निर्विवाद आहेत. अंश ठरवून दिला की तो पाणी तिथेच धरून ठेवतो, हवा कोरडी असो वा दमट. मात्र पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच सोडतो, त्यामुळे बंद हॉलमध्ये ठेवल्यास त्याला स्वतःच निर्माण केलेल्या गरम हवेशी झगडावे लागते. बाल्कनीपर्यंत नळी नेता आली, तर ही अडचण बरीचशी सुटते.

मला खुपली ती दुसरीच गोष्ट. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वादळ झाले आणि वीज गेली ती पाच तास आली नाही. घरातल्या इन्व्हर्टरवर दिवे आणि टाकीचा पंप चालत होता. चिलर जोडून पाहिला, तर कॉम्प्रेसर सुरू होताक्षणी इन्व्हर्टरच बंद पडला आणि त्याबरोबर पंपही थांबला. पंप लगेच पुन्हा सुरू केला, तरी २६ अंशांवरचे पाणी रात्रीपर्यंत साडेएकोणतीसवर गेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे तोवर फक्त वाचलेले होते. त्या रात्री दोन्ही क्लाउनफिश पंपाच्या धारेखाली, पृष्ठभागालगत येऊन थांबलेले आणि त्यांचे कल्ले भरभर हलताना पाहिले. वीज आल्यावर चिलरने पहाटेपर्यंत पाणी पुन्हा खाली ओढले. त्या उन्हाळ्यात हा चढउतार जवळजवळ दर आठवड्याला होत राहिला, आणि मासे वाचले तरी माझ्या मनाचा कौल तिथेच ठरला.

पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे त्याच इन्व्हर्टरवर रात्रभर चालतात. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीही गार होते. आणि खान्देशाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ किती गार होतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय कितपत चालेल, याविषयी मला शंका आहे.

त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात माझ्या टाकीतून रोज सुमारे चार लिटर पाणी उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, तर साध्या आरओच्या पाण्याची. एकदा लग्नासाठी तीन दिवस धुळ्याला गेलो, तेव्हा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) १.०२५ वरून १.०२७ वर गेलेले आढळले. त्यानंतर डेझर्ट कूलरला बसवतात तसला प्लास्टिकचा फ्लोट टाकीला लावला आणि वीस लिटरचा जार त्याच्यापेक्षा उंचावर ठेवला. आता चार-पाच दिवस पाहावे लागत नाही. फ्लोटमध्ये पितळेचा भाग नसावा, कारण त्यातले तांबे पाण्यात उतरले तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

पावसापूर्वीच्या चिकचिकीच्या दिवसांत पंख्याने जेमतेम अंश-दीड अंशाचा फरक पडतो, हे मान्य करायला हवे. त्या दिवसांत माझी टाकी २९ अंशांपर्यंत जाते. क्लाउनफिश किंवा डॅमसेल मासे तेवढे सोसतात. कठीण प्रवाळ सोसतीलच असे नाही. परंतु भारतात हे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत, त्यामुळे पहिल्या टाकीत त्यांचा विचारच नको. माझ्या मते कोरडे खडक आणि हॅचरीत जन्मलेले मासे यांवरच सुरुवात करावी.

ज्यांच्या घराला जनरेटरची सोय आहे किंवा ज्यांची टाकी पत्र्याच्या छताखाली आहे, त्यांना चिलरच सोयीचा वाटू शकेल. इतरांनी निदान पहिला उन्हाळा पंख्यावर काढून पाहावा आणि एप्रिलपासून रोज सकाळ-संध्याकाळचे तापमान वहीत लिहून ठेवावे. माझा चिलर माळ्यावर आहे. विकलेला नाही, पण गेल्या दोन वर्षांत खालीही उतरवलेला नाही.